मेजावरची आगगाडी आणि आपली मीटरगेज

दिवाळीच्या सुटीत आपली मुले अंगणात किल्ला बांधतात. खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात तर तो एक सोहळाच असतो. आणि बडोदे, इंदूर, हैदराबाद वा बंगळूर येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही गच्चीच्या एखाद्या कोपऱ्यात चार विटा आणि ओली माती यांतून रायगड उभा राहतोच. या किल्ल्यावरचा मावळा महादरवाजापेक्षा उंच असतो, पायथ्याचा वाघ बुरुजाएवढा असतो, आणि तरीही ते कोणाला खटकत नाही. किल्ला हा भावनेचा खेळ आहे. तेथे मापाचा आग्रह कोणी धरीत नाही.

मेजावर धावणाऱ्या आगगाडीचा छंद याच्या नेमका उलट आहे. तेथे इंजिनाचे चाक, फलाटाची उंची, सिग्नलचा खांब, स्टेशनमास्तरांची खोली आणि डोक्यावर ट्रंक घेऊन उभा असलेला हमाल या सर्वांना एकच माप लागू असते. एकाने जरी ते मोडले तरी सारे दृश्य खोटे वाटू लागते. बाजारात मिळणारी खेळण्यातील गाडी, पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ साली सुरू झालेली ‘फुलराणी’ आणि मापाबरहुकूम केलेली प्रतिकृती या तीन निराळ्या वस्तू आहेत. पहिली खेळण्यासाठी, दुसरी बसून हिंडण्यासाठी आणि तिसरी जाणून घेण्यासाठी. प्रस्तुत लेख या तिसरीविषयी आहे, आणि तो आम्ही खानापुरात बसून लिहीत आहोत यालाही कारण आहे. ज्या मीटरगेजने या भागातील तीन-चार पिढ्यांना शाळा, बाजार, माहेर आणि नोकरी दाखविली, ती आज जमिनीवर उरलेली नाही. तिचे खरे रूप पुढील पिढीस दाखवावयाचे तर मापाबरहुकूम प्रतिकृतीइतके प्रामाणिक साधन दुसरे क्वचितच सापडेल, असे आमचे मत झाले आहे.

प्रमाण आणि रुंदी

या छंदात दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. पहिला शब्द प्रमाण. मूळ वस्तूच्या तुलनेत प्रतिकृती किती पटींनी लहान आहे, हे प्रमाण सांगते. दुसरा शब्द गेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर. प्रमाण संपूर्ण जगाला लागू असते. गेज फक्त रुळांना. एकाच प्रमाणात तीन वेगवेगळ्या गेजच्या गाड्या करता येतात, आणि एकाच रुळावर निरनिराळ्या प्रमाणांच्या गाड्या धावू शकतात. हे ध्यानात आले की अर्धा विषय समजला.

आरंभीच्या काळात प्रत्येक कारखानदार आपापल्या मनाने रूळ पाडीत असे. जर्मनीतील ग्योपिंगेन येथील मेर्कलिन कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक रुंदीच्या रुळांची मालिका मांडली, आणि एका खोक्यातील गाडीला पुढल्या वर्षी घेतलेले रूळ जोडता येऊ लागले. इंग्लंडात मेकॅनो या खेळण्याचे जनक लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली चावीच्या आगगाड्या बाजारात आणल्या. त्या काळी ‘ओ’ नावाचे माप रूढ होते. रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर. परंतु या गाडीला फिरण्यास दिवाणखाना लागे. मध्यमवर्गीयांच्या घरात तेवढी जागा नसल्याने ‘ओ’च्या निम्म्या मापाची गाडी निघाली, आणि तिला ‘हाफ-ओ’ या अर्थी ‘एच-ओ’ म्हणू लागले. तिचे प्रमाण १:८७. म्हणजे मूळच्या एका फुटास प्रतिकृतीत साडेतीन मिलिमीटर. तिचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. आज जगभर हेच माप सर्वाधिक रूढ आहे. त्याहून लहान म्हणजे ‘टी-टी’, प्रमाण १:१२० आणि रूळ १२ मिलिमीटर. ‘एन’, प्रमाण १:१६० आणि रूळ ९ मिलिमीटर. आणि मेर्कलिननेच १९७२ साली काढलेले ‘झेड’, प्रमाण १:२२० आणि रूळ अवघे साडेसहा मिलिमीटर.

इंग्लंडची गोष्ट थोडी गमतीची आहे. तेथील खरी इंजिने युरोपातील इंजिनांपेक्षा अंगाने लहान. १:८७ प्रमाणात त्यांची प्रतिकृती केली तर त्या काळची विजेची मोटर तिच्या पोटात मावेना. तेव्हा इंग्रजांनी इंजिन थोडे मोठे, फुटास चार मिलिमीटर या हिशेबाने केले, पण रूळ साडेसोळा मिलिमीटरचेच ठेवले. या मापाला ‘ओ-ओ’ म्हणतात. गुणाकार करून पाहिला तर त्यांच्या मेजावरची रेल्वे १४३५ मिलिमीटरऐवजी सुमारे १२५७ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावते. सोयीसाठी केलेली ही तडजोड तेथे आजही चालू आहे.

आपल्या रुळांचे गणित

साडेसोळाला सत्त्याऐंशीने गुणले की १४३५ येतात. ही युरोप-अमेरिकेतील प्रमाणित रुंदी. आपल्या देशातील मुख्य रूळ त्या रुंदीचे कधीच नव्हते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली ती साडेपाच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर. पुढे खर्च कमी करण्यासाठी १८७० च्या सुमारास, लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, अरुंद रुळांचा निर्णय झाला. देशात दशमान पद्धती आणण्याचा विचार तेव्हा चालू होता, म्हणून ती रुंदी फूट-इंचांत न ठरविता बरोबर एक मीटर ठरली. दशमान पद्धती प्रत्यक्षात यायला स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. मीटरगेज मात्र तत्पूर्वीच देशभर पसरली. याखेरीज डोंगरी व छोट्या मार्गांसाठी ७६२ आणि ६१० मिलिमीटरचे रूळ होते. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पहिल्या जातीची, तर १९०७ ची नेरळ-माथेरान दुसऱ्या जातीची.

आमचा मार्ग मीटरगेजचा. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर दक्षिणेकडील कोरडवाहू जिल्ह्यांत धान्य पोहोचविण्यास लोहमार्ग हवेत हे सरकारला उमगले, आणि १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. जिच्या नावातच ‘मराठा’ हा शब्द होता त्या कंपनीने बेळगाव, खानापूर, लोंढा हा प्रदेश रेल्वेच्या नकाशावर आणला. मुरगाव बंदराकडून पोर्तुगीज हद्दीतील मार्ग १८८८ साली कॅसलरॉकपर्यंत आला आणि घाटावरचा माल थेट समुद्रास भिडला. १९०८ साली ही कंपनी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत विलीन झाली. १९५१ साली तीही दक्षिण रेल्वेत गेली. नावे बदलत राहिली, रूळ मात्र एक मीटरचेच राहिले. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर खानापूरहून मुंबईस निघालेल्या कुटुंबास मिरजेस उतरून, वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्या सांभाळीत दुसऱ्या गाडीत बसावे लागे. १९९० च्या दशकात आमचाही मार्ग रुंद झाला आणि ती उतरंड संपली. सोय झाली हे निर्विवाद. पण मीटरगेजही त्याचबरोबर गेली.

आता प्रतिकृतीचा हिशेब पाहू. १६७६ ला ८७ ने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. म्हणजे दुकानातील साडेसोळा मिलिमीटरच्या रुळांवर आपली ब्रॉडगेज गाडी ठेवली तर ती आखूड चड्डी घातलेल्या उंच मुलासारखी दिसते. उलट १:१०० हे प्रमाण घेतले तर तेच रूळ १६५० मिलिमीटरचे ठरतात आणि फरक जेमतेम पाऊण इंचाएवढा नव्हे, एक इंचाएवढा उरतो. मेजावर तो पाव मिलिमीटर, डोळ्यास न दिसणारा. मीटरगेजचे गणित तर आणखी सोपे. १००० भागिले ८७ म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. ‘टी-टी’साठी केलेले १२ मिलिमीटरचे रूळ येथे चपखल बसतात. मोठ्या मापात करावयाचे असेल तर जर्मनीत १९६८ साली निघालेली, ४५ मिलिमीटर रुळांची, १:२२.५ प्रमाणाची बागेतील गाडी पाहावी. ते माप मुळी मीटरगेजच डोळ्यांपुढे ठेवून ठरले आहे; १००० भागिले २२.५ म्हणजे सुमारे साडेचव्वेचाळीस.

हे अंतर इतके काटेकोर कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गाडीच्या रूपात आहे. ब्रॉडगेजचा जुन्या धाटणीचा डबा सुमारे ३२४५ मिलिमीटर रुंद. म्हणजे रुळांच्या दुपटीहून किंचित कमी. मीटरगेजचा डबा सुमारे २७४४ मिलिमीटर. म्हणजे रुळांच्या पावणेतीन पट. अरुंद पावलांवर उभे असलेले रुंद अंग, हीच मीटरगेजची मुद्रा होती. वळणावर ती गाडी जशी डुलत जाई ती याचमुळे. रुळांचे माप चुकले की ही मुद्रा पुसली जाते, आणि मग रंग कितीही हुबेहूब दिला तरी जुन्या माणसास ती ‘आपली गाडी’ वाटत नाही.

इंजिनाची ओळख चाकांवरून

स्वातंत्र्योत्तर काळातील मीटरगेजची दोन मुख्य वाफेची इंजिने म्हणजे ‘वाय-पी’ आणि ‘वाय-जी’. यातील ‘वाय’ मीटरगेजचा, ‘पी’ प्रवासी गाडीचा आणि ‘जी’ मालगाडीचा. १९४९ पासून दोन्ही जाती आल्या. ‘वाय-पी’ची पहिली वीस इंजिने अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून आली, पुढे जमशेदपूरच्या टेल्को कारखान्यात ती देशातच होऊ लागली. १९७० पर्यंत ‘वाय-पी’ एकूण ८७१ झाली. ‘वाय-जी’ची संख्या हजाराच्या वर गेली आणि १९७२ साली तिचेही उत्पादन थांबले.

दोहोंतील भेद चाकांत दिसतो. ‘वाय-पी’ची रचना ४-६-२; म्हणजे पुढे दिशा देणारी चार लहान चाके, मध्ये गाडी ओढणारी सहा मोठी चाके, मागे भट्टीचा भार पेलणारी दोन. ‘वाय-जी’ची रचना २-८-२, ओढणारी चाके आठ, पण प्रत्येक चाक लहान. ‘वाय-पी’चे मोठे चाक १३७२ मिलिमीटर व्यासाचे, एका फेऱ्यात सुमारे ४.३१ मीटर अंतर कापणारे. ‘वाय-जी’चे १२१९ मिलिमीटरचे, एका फेऱ्यात ३.८३ मीटर जाणारे. चाक लहान तर वेग कमी, पण ओढ अधिक. आणि आठ चाकांवर भार विभागल्यामुळे पकडही चांगली. ब्रॉडगेजच्या ‘डब्ल्यू-पी’ इंजिनाचे चाक सुमारे १७०० मिलिमीटरचे होते, हे लक्षात घेतले की मीटरगेजची गाडी सावकाश का चाले याचा उलगडा होतो. वाफेनंतर ‘वाय-डी-एम-४’ हे डिझेल इंजिन आले. प्रथम १९६१ पासून अमेरिकेहून, नंतर वाराणसीहून. प्रतिकृती करणाऱ्याने ही चाके आधी मोजावीत आणि धुराडे नंतर रंगवावे.

काय लहान होते आणि काय होत नाही

सातवीच्या मुलांना गुणोत्तर-प्रमाण शिकविताना आम्ही या विषयाचा उपयोग करतो, तो पुढील कारणासाठी. टेंडरसह ‘वाय-पी’ची लांबी सुमारे १९ मीटर; १:८७ प्रमाणात ती २२ सेंटिमीटर होते. पण वजनाचे काय? कामावर असताना टेंडरसह तिचे वजन शंभर टनांच्या आसपास. त्यास ८७ ने भागून चालत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही लहान झाल्यामुळे तीन वेळा भागावे लागते. उत्तर येते सुमारे दीडशे ग्रॅम, म्हणजे एका मोठ्या पेरूएवढे. एवढ्या हलक्या इंजिनाची चाके रुळांवर घसरतात, म्हणून कारागीर त्याच्या पोटात शिसे भरतात.

वेग आणि अंतर यांचेही असेच. ताशी ६० किलोमीटरची गाडी मेजावर सेकंदास १९ सेंटिमीटरच जावयास हवी. हौशी मुले तिला बाणासारखी सोडतात, तेव्हा ती प्रमाणाने विमानाचा वेग गाठीत असते. एक किलोमीटरचा मार्ग प्रतिकृतीत साडेअकरा मीटर होतो. खानापूर ते लोंढा हे सुमारे २५ किलोमीटरचे अंतर करावयाचे तर जवळजवळ तीनशे मीटर लांबीचे मेज हवे! म्हणून अंतर आखडावे लागते आणि वळणे आवळावी लागतात. मीटरगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या सुमारे १०९ मीटर असे. प्रतिकृतीत ती सव्वा मीटर होते. पण दुकानातील खोक्यातले वळण अवघे ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे असते. खऱ्या जगात ते ३१ मीटरचे होईल, आणि त्यावर आपली एकही गाडी टिकणार नाही.

एक गोष्ट मात्र लहान होत नाही. ती म्हणजे चढ. कॅसलरॉकच्या घाटातील चढ ३७ स एक आहे. तो मेजावरही ३७ स एकच राहतो, कारण ते मूळचेच गुणोत्तर आहे. एका रुळावरून दुसरा नेण्यास सात सेंटिमीटर उंची लागते असे धरले तर एवढ्या चढाने ती गाठण्यास सुमारे २६० सेंटिमीटर जागा हवी. तेथे छोटे इंजिनही धापा टाकते, आणि घाटात गाडीला मागून दुसरे इंजिन का जोडावे लागते हे मुलांना न सांगता कळते.

रुळांतून वाहणारी वीज

बहुतेक प्रतिकृतींत बारा व्होल्टची एकदिश वीज दोन रुळांतून वाहते. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाकांतून ती मोटरीत जाते. व्होल्ट वाढविले की वेग वाढतो. धन-ऋणाची अदलाबदल केली की गाडी उलटी चालते. घरातील विजेपासून धोका नको म्हणून मध्ये रोहित्र ठेवतात. यात एक गमतीची अडचण आहे. रूळ वळवून पुन्हा स्वतःसच जोडला तर डावा रूळ उजव्यास भिडतो, धन ऋणास मिळते आणि वीज खंडित होते. तेवढा तुकडा वेगळा तोडून त्यास स्वतंत्र खटका द्यावा लागतो. १९९० च्या दशकापासून अंकीय पद्धती रूढ झाली. तीत रुळांत वीज कायम असते, प्रत्येक इंजिनास स्वतःचा क्रमांक असतो, आणि हुकूम ज्या क्रमांकाचा असेल तेच इंजिन तो ऐकते.

पुण्यातील एक वास्तू

हे सारे प्रत्यक्ष पाहावयाचे तर पुण्यास कोथरूडमधील जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयास भेट द्यावी. भाऊ जोशी यांनी वर्षानुवर्षे जोपासलेल्या छंदातून ते उभे राहिले आणि १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. प्रमाण ‘एच-ओ’, म्हणजे १:८७. रस्ते, घरे, दिवे, सिग्नल यांनी सजलेल्या एका छोट्या शहरातून गाड्या धावतात. त्यांत वाफेची इंजिने आहेत, आधुनिकही आहेत. ज्या रस्त्यावर ही वास्तू आहे त्यास जी. ए. कुलकर्णी यांचे नाव आहे. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या आणि धारवाडात आयुष्य वेचलेल्या या कथाकाराचे नाव तेथे वाचून आमच्या भागातील माणसास आपल्याच मुलखात आल्यासारखे वाटेल. खरी जुनी रेल्वे पाहण्यास लांब जावयास नको. हुबळीस २०२० साली रेल्वे संग्रहालय सुरू झाले. तेथील दोन जुन्या रेल्वे-निवासांना मलप्रभा आणि घटप्रभा ही आपल्या नद्यांची नावे दिली आहेत.

आता मोजून ठेवू या

या सर्व विवेचनाचा हेतू केवळ छंदाची ओळख करून देणे हा नाही. बाजारातील संचांत जर्मनीचे, इंग्लंडचे, अमेरिकेचे इंजिन मिळते. खानापूरहून सुटणारी मीटरगेज कोणत्याही खोक्यात मिळत नाही. ती आपणच करावयाची आहे. रुंदीकरणानंतर जन्मलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांनी ती गाडी पाहिलेली नाही. ज्यांनी ती चालविली, तिच्या भट्टीत कोळसा टाकला, सांधे बदलले, ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. रूळ उचलले गेले, इंजिने भंगारात गेली. उरली आहे ती या माणसांची स्मृती, आणि तिलाही मुदत आहे.

म्हणून वाचकांना आमची एक सूचना आहे. आपल्या घरी किंवा नात्यात रेल्वेत नोकरी केलेले कोणी आजोबा, काका वा मामा असतील तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. डब्याचा रंग कोणता होता, गाडीस किती डबे असत, इंजिन पाणी कोठे घेई, मलप्रभेच्या पुलाआधी शिटी कोठे वाजे, देसूर, इदलहोंड, गुंजी येथे फलाट कोणत्या बाजूस होता, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्यावे. जुनी छायाचित्रे असतील तर त्यांच्या मागे साल आणि ठिकाण लिहावे. जे जुने बांधकाम अजून उभे आहे त्याची लांबी-रुंदी टेपने मोजावी. मात्र रुळांवर पाऊल न ठेवता आणि परवानगी घेऊनच.

पुढचे काम पुठ्ठा, कात्री आणि डिंक यांचे आहे. मीटरगेजचा डबा सुमारे साडेएकोणीस मीटर लांब; १:८७ प्रमाणात तो साडेबावीस सेंटिमीटरांहून किंचित कमी लांब आणि साडेएकतीस मिलिमीटर रुंद होतो. आमच्या खानापूरच्या सोळा इंची कौलाचे त्यात पाच मिलिमीटरही उरत नाहीत, आणि साडेपाच फुटी स्टेशनमास्तर दोन सेंटिमीटरांत मावतात. आधी एक डबा करावा, मग एक वाघीण, मग फलाट. चालते इंजिन शेवटी आले तरी चालेल, किंबहुना नाही आले तरी बिघडत नाही. सर्व वस्तू एकाच मापाच्या असाव्यात एवढा आग्रह मात्र सोडू नये. कारण ज्यांनी ती गाडी पाहिली नाही त्यांना ती कशी होती हे या मापावरूनच कळणार आहे.